जुन्या आय-थ्रीवर उबंटू टाकलंय, खेळ अडकतात. परत विंडोज टाकू का?

प्रश्न: आमच्या घरी २०१३ साली असेंबल करून घेतलेला संगणक आहे. इंटेल आय-थ्री ३२२०, एच-६१ मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क. विंडोज १० चे अपडेट बंद झाले, ११ बसत नाही, म्हणून भाच्याने विंडोज बाजूला ठेवून शेजारी उबंटू २४.०४ (लिनक्सचा एक प्रकार) टाकून दिलं. आता फायरफॉक्स उघडायला मिनिटभर लागतं. झीरो ए.डी. हा खेळ अडकत अडकत चालतो. ओपनटीटीडी हा वाहतुकीचा खेळ ग्राफिक्स सापडत नाहीत म्हणतो. शाळेच्या जुन्या मराठी फायलींत नुसता इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर चालतच नाही. मी तासगावजवळच्या गावात जिल्हा परिषद शाळेत शिकवते, मुलगा सातवीत आहे. परत विंडोजच करून घेऊ का?

उत्तर: मॅडम, इतक्यात नको. सांगलीत दुकानावर लोक मशीन घेऊन येतात तेव्हा हेच ऐकायला मिळतं, "लिनक्स टाकलं आणि सगळं बिघडलं." उघडून बघितलं की एक तक्रार हार्ड डिस्कची निघते, एक ड्रायव्हरची, एक खेळासोबत न आलेल्या चित्रांची, एक फॉन्टची. तुमच्या पाचांत लिनक्सच्या माथी मारावी अशी एकच आहे, प्रिंटरची. बाकीच्या चार विंडोज टाकूनही या ना त्या रूपात तुमच्या मागे येतील.

तसं बघितलं तर लिब्रेऑफिस, जिंप, व्हीएलसी, झीरो ए.डी., ओपनटीटीडी ही सगळी मंडळी विंडोजवरही चालतात. ओपन सोर्स, म्हणजे खुल्या कोडचं सॉफ्टवेअर, वापरायला लिनक्सच पाहिजे असं काही नाही. तुम्हाला लिनक्स लागतंय ते मशीनच्या वयामुळे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. तुमचा तिसऱ्या पिढीचा. जबरदस्तीनं ११ बसवायच्या युक्त्या आहेत, लोक करतातही. पण पुढचं मोठं अपडेट येईल की नाही याची कोणी हमी देत नाही, म्हणून मी गिऱ्हाइकाला ते करून देत नाही. आणि अपडेट बंद झालेल्या विंडोजवर बँकेचं पान उघडू नये.

आता मूळ दुखणं. उबंटूचा नेहमीचा डेस्कटॉप ४ जीबी रॅमवर अवघडून बसतो. त्यात फायरफॉक्स तिथे स्नॅप पद्धतीनं येतो, म्हणजे दाबून बांधलेला एक गठ्ठा असतो आणि संगणक चालू केल्यावर पहिल्यांदा उघडताना तो सोडवून घ्यावा लागतो. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर यालाच ते तुमचं मिनिट लागतं. लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती टाका. २२ मालिकेतली कुठलीही चालेल, तिला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, फायरफॉक्स साधा येतो आणि खाली डावीकडे मेन्यू असल्यामुळे घरातल्या कोणाला नव्यानं शिकवावं लागत नाही.

पण नुसतं मिंट टाकून अर्धाच फरक पडेल. उरलेला फरक एसएसडीनं, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या डिस्कनं, पडतो. एच-६१ बोर्डावर साटाचा, म्हणजे डिस्क जोडायच्या मार्गाचा, वेग तीन गिगाबिटचाच आहे, म्हणून नवी एसएसडी पूर्ण वेगानं पळणार नाही. तरी जुन्या डिस्कपेक्षा इतकी पळेल की तुम्हाला मशीन बदलल्यासारखं वाटेल. २५६ जीबीची पुरे. ती जोडल्यावर मिंट टाकताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवायला सांगा. नाहीतर कधीकधी लिनक्स बसतं नव्या डिस्कवर आणि त्याचा बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा भाग) जाऊन बसतो जुन्या डिस्कवर, मग पुढे जुनी काढली की नवीही सुरू होत नाही. काम झालं की केबल परत लावायची आणि कुठून सुरू व्हायचं ते बूट मेन्यूतून निवडायचं.

त्याआधी जुनी डिस्क जिवंत आहे का ते बघा. उबंटूमध्ये 'डिस्क्स' नावाचं ॲप आहे, त्यात वरच्या तीन ठिपक्यांत स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्कच्या तब्येतीची नोंद, मिळतो. 'रिअॅलोकेटेड सेक्टर' आणि 'पेंडिंग सेक्टर' या दोन ओळींत शून्य पाहिजे. शून्य नसेल तर बाकी सगळं सोडा आणि आधी फोटो आणि शाळेच्या फायली दुसरीकडे उतरवून घ्या.

रॅम वाढवताना एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. तुमच्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. प्रोसेसरमधला ग्राफिक्सचा भाग मुख्य रॅममधूनच वाटा घेतो आणि तिच्याच वेगावर चालतो. म्हणून ८ जीबीची एक कांडी घेण्यापेक्षा ४-४ च्या दोन घ्या. रॅमचे दोन्ही मार्ग वापरात येतात आणि खेळांत फरक उघड दिसतो. तुमच्या बोर्डावर बहुधा दोनच खाचा असतील, त्यामुळे आहे ती ४ ची ठेवून तशीच दुसरी जोडली की काम झालं. डीडीआर-थ्री आता जुन्या बाजारातूनच घ्यावी लागते. आपल्या भागात घेताना कांडीचे सोनेरी दात नीट बघून घ्या. २०१९ च्या महापुरात सांगलीत किती मशीन पाण्याखाली गेली ते तुम्हाला माहीत आहेच, आणि त्यांतले सुटे भाग अजून फिरतात. दातांवर हिरवट-काळसर डाग दिसले आणि खोडरबरानं घासून गेले नाहीत, तर ती कांडी परत द्या.

याच वयाच्या मशीनमध्ये आणखी एक किरकोळ वस्तू फार छळते, ती म्हणजे बोर्डावरची नाण्याएवढी सीआर-२०३२ बॅटरी. चालू करताना काळ्या पडद्यावर 'एफ-वन दाबा' असं येतं का? येत असेल तर ती संपली आहे. मग तारीख मागच्या कुठल्यातरी सालात जाते, वेबसाइट 'सर्टिफिकेट चुकीचं' म्हणून उघडत नाहीत, अपडेट यायचं थांबतं आणि माणूस इंटरनेटवाल्याला फोन करत बसतो. बायोसमधल्या, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या, सेटिंगही पुसल्या जातात. बॅटरी घड्याळजीकडेही मिळते. बदला आणि विसरून जा.

आता झीरो ए.डी. तुमच्या प्रोसेसरमध्ये एचडी ग्राफिक्स २५०० आहे. ते फार ताकदीचं नाही, पण हा खेळ उघडण्याइतकं आहे. म्हणून पहिली शंका मला ड्रायव्हरची येते. उबंटूच्या सेटिंग्जमध्ये 'अबाउट' उघडा, तिथे सिस्टिम डिटेल्समध्ये ग्राफिक्सची ओळ वाचा. 'इंटेल एचडी ग्राफिक्स २५००' असं काही दिसलं तर ठीक. त्याऐवजी 'एलएलव्हीएमपाइप' हा शब्द दिसला तर ग्राफिक्सचा भाग झोपलेला आहे आणि सगळी चित्रं बिचारा प्रोसेसर एकटा काढतोय. मग पत्त्यांचा खेळसुद्धा अडखळेल. असं बहुतेक वेळा एकाच कारणानं होतं: टाकताना पडदा काळा पडला म्हणून कोणीतरी 'नोमोडसेट' हा शब्द ग्रब या बूटलोडरच्या सेटिंगमध्ये लिहून ठेवला आणि तो तिथेच राहिला. भाच्याला विचारा. तो शब्द काढून ग्रब अपडेट केलं की विषय संपतो. नव्यानं मिंट टाकणारच असाल तर तिथे तो शब्द परत जाणार नाही एवढं बघा.

ड्रायव्हर नीट असूनही खेळ अडकत असेल तर खेळाच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये सावल्या बंद, पाण्यातली प्रतिबिंबं बंद, पोस्ट-प्रोसेसिंग बंद. सुरुवात सुरळीत होईल. पण मुलगा म्हणेल की अर्ध्या तासानं परत अडकायला लागलं. तिथे ग्राफिक्सचा संबंध नाही. शेकडो सैनिकांनी कुठून कसं जायचं हा हिशोब प्रोसेसर करतो, आणि त्यातला बराच भाग एकाच कोअरवर पडतो. लढाई उभी करतानाच लोकसंख्येची मर्यादा १०० वर आणा, नकाशा लहान घ्या आणि संगणकाचे खेळाडू दोनपेक्षा जास्त ठेवू नका. मौर्यांकडून खेळायला सांगा त्याला. हत्ती मिळतात, आणि थोड्या सैन्यात भागतं.

ओपनटीटीडीची गंमत वेगळी आहे, आणि ती समजली की ओपन सोर्स खेळांतले निम्मे घोटाळे समजतात. मूळ ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्स १९९५ चा, विकतचा. २००४ मध्ये त्याचं इंजिन नव्यानं लिहून खुलं केलं गेलं, पण चित्रं आणि आवाज मूळ कंपनीचे होते, ते कोणी फुकट वाटू शकत नव्हतं. थिएटर फुकट मिळालं, पण नेपथ्य आणि कपडेपट आपला आपण आणायचा, अशी ही गोष्ट. पुढे लोकांनी ओपनजीएफएक्स नावानं चित्रं नव्यानं काढली, ओपनएसएफएक्स नावानं आवाज केले, ओपनएमएसएक्स नावानं संगीत केलं, आणि २०१० च्या १.० आवृत्तीपासून मूळ खेळाची सीडी नसली तरी चालायला लागलं. तुमच्याकडे इंजिन आलंय, चित्रं आली नाहीत. खेळ पहिल्यांदा सुरू होताना ती उतरवून घेऊ का असं विचारतो. त्या वेळी नेट नसेल किंवा कोणी 'नाही' दाबलं असेल, तर तो तिथेच अडून बसतो. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये ओपनजीएफएक्स शोधून टाका, नाहीतर नेट चालू असताना खेळ परत उघडून 'हो' म्हणा.

डूम या जुन्या बंदुकीच्या खेळाचंही असंच. कोड १९९७ साली खुला झाला, नकाशे आणि राक्षस विकतचेच राहिले, म्हणून फ्रीडूम वेगळं तयार करावं लागलं. कुठलाही खुला खेळ 'डेटा सापडत नाही' म्हणाला की मशीनला दोष देण्याआधी हा प्रश्न विचारायचा: याचं इंजिन खुलं आहे, की चित्रांसकट सगळं खुलं आहे?

खेळ आणायचे कुठून, तर आधी मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून. गुगलवर नाव टाकून पहिल्या हिरव्या 'डाउनलोड' बटणावर टिचकी मारायची सवय विंडोजवरून येते, ती तिथेच सोडा. विंडोजवरही व्हीएलसी किंवा ऑडासिटीच्या नावानं भलतंच चिकटवून देणाऱ्या साइट आहेत. मॅनेजरमध्ये एकाच खेळाच्या दोन नोंदी दिसतील, सिस्टिम पॅकेज आणि फ्लॅटपॅक. फ्लॅटपॅक नवा असतो, पण पहिल्या वेळी सोबत लागणारा पाया म्हणून शेकडो एमबी ओढतो. रोजच्या दीड जीबीच्या मोबाइल पॅकवर असाल तर सिस्टिम पॅकेजच बरं. मात्र घरात दोन संगणकांवर जोडीनं खेळायचं असेल तर दोन्हीकडे आवृत्ती एकच पाहिजे. एकाकडे पॅकेज आणि दुसऱ्याकडे फ्लॅटपॅक असलं की झीरो ए.डी. किंवा वेसनॉथसारखे खेळ एकमेकांना ओळख दाखवत नाहीत, आणि पोरं राउटर बंद-चालू करत बसतात. तिसरा प्रकार ॲपइमेज. एकच फाइल, ती 'एक्झिक्युटेबल' करायची आणि उघडायची. उबंटू २४.०४ वर टिचकी मारूनही काहीच होत नसेल तर त्यावर फ्यूज-दोनची लायब्ररी नाही, ती टाकली की चालतं.

मुलासाठी माझी पसंती सांगू? सुपरटक्सकार्ट हा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ, त्यात रेंडर रिझोल्यूशन कमी केलं की तुमच्या मशीनवर छान पळेल. ठोकळ्यांनी जग उभारायचा लुआंटी, ज्याला २०२४ पर्यंत माइनटेस्ट म्हणत. स्टेलेरियममध्ये गावाचं नाव टाकून रात्रीचं आकाश, हे तर तुम्ही वर्गातही दाखवू शकता. पहिली-दुसरीच्या पोरांना जीकॉम्प्री आणि टक्सपेंट. आणि शाळेत नेट येत नसेल तर किविक्स. मराठी विकिपीडिया एकदा उतरवला की नेटशिवाय चालतो.

तो मित्रांचे विंडोजचे खेळ मागेल, त्याला आधीच सांगून ठेवा. विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणारं स्टीमवरचं प्रोटॉन ज्या व्हल्कन या ग्राफिक्सच्या पद्धतीवर उभं आहे, त्याला लागेल इतकं व्हल्कन तिसऱ्या पिढीच्या इंटेल ग्राफिक्सकडे नाही. जुने डायरेक्टएक्स नऊच्या काळातले खेळ वाइन या विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून चालतील. व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही, मशीन कितीही भारी असलं तरी.

मराठी फायलींकडे येतो, कारण हे काम तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि यात घाई केली की वर्षांचं टाइपिंग वाया जातं. ती फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडा, त्या काल्यावर कर्सर ठेवा आणि वर फॉन्टच्या चौकटीत नाव वाचा. नाव तिरक्या अक्षरांत दिसत असेल तर तो फॉन्ट या मशीनवर नाही. श्रीलिपीचा असेल किंवा डीव्ही-टीटी सुरेखसारखा आयएसएमचा असेल, ही दोन्ही जुनी मराठी टाइपिंगची सॉफ्टवेअर. युनिकोड, म्हणजे सगळीकडे चालणारी अक्षरांची एकच पद्धत, येण्याआधीच्या या फॉन्टांत फाइलमध्ये साठवलेली असतात इंग्रजी अक्षरंच, फॉन्ट फक्त त्यांना मराठी चेहरा चढवतो. फाइल बिघडलेली नाही. नुसतं वाचायचं आणि छापायचं असेल तर शाळेनं विकत घेतलेल्या त्याच सॉफ्टवेअरचा फॉन्ट तुमच्या विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून उचलून इथे टाका, मजकूर जसाच्या तसा उभा राहील.

पुढे बदल करायचे असतील तर युनिकोडमध्ये रूपांतर करा, पण मूळ फाइलची प्रत वेगळी ठेवूनच. रूपांतर करणारी साधनं प्रत्येक फॉन्टसाठी वेगळी असतात, आणि सगळी रफार आणि पहिल्या वेलांटीपाशी घसरतात, कारण जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते. मी एकच शब्द तपासतो: 'विद्यार्थिनी'. जोडाक्षर, रफार, वेलांटी सगळं त्यात आहे. तो नीट आला तर बाकीचं पान बहुधा नीट असतं. तुमच्या हजेरीपत्रकांत तो शोधायला लांब जावं लागणार नाही.

नवीन टाइपिंगसाठी आयबस (वेगवेगळ्या भाषा टाइप करायचं साधन) आणि त्यात मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड. ऱ्हास, पुऱ्या यातला ऱ शिफ्टसह 'जे' बटणावर आहे. टाइपरायटरवर हात बसलेला असेल तर एम-सेव्हन्टीन-एन हे पॅकेज टाका, हिंदीच्या यादीत रेमिंग्टन सापडेल. लिब्रेऑफिसमध्ये भाषेच्या ऑप्शन्समध्ये 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करून भाषा मराठी निवडा. नोटो सान्स देवनागरी वापरत असाल तर ल आणि श मग मराठी वळणाचे येतात. भाषा हिंदी राहिली तर तोच फॉन्ट हिंदी वळण दाखवतो.

गावाकडे वीज जाते, त्याबद्दल थोडं. मिंट टाकत असताना यूपीएस लागलेला असू दे. नंतर कधी मध्येच वीज गेली आणि चालू करताना काळ्या पडद्यावर 'इनिटरॅमएफएस' असं लिहून मशीन थांबलं, तर घाबरून फॉरमॅट करायला आणू नका. त्याच्या वरच्या ओळींत डिस्कच्या कुठल्या भागाची तपासणी हवी त्याचं नाव दिलेलं असतं. 'एफएससीके', जागा, उणे चिन्हासह 'वाय', जागा, आणि ते नाव, एंटर. झालं की 'एक्झिट'. डिस्क चांगली असेल तर एवढ्यानं मशीन उठतं. पुन्हा पुन्हा तसं होत असेल तर वरचा स्मार्ट डेटा परत बघा.

हे सगळं करायला शेजारी कोणी पाहिजे असेल तर विश्रामबागला वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स युजर्स ग्रुप आहे. भाचा इंजिनिअरिंगचा असेल तर त्याच्या ओळखीचं कोणी तिथे निघेलच.

राहिला प्रिंटर. एलबीपी २९०० मजबूत आहे, अर्ध्या जिल्ह्याची झेरॉक्सची दुकानं त्यावर चालली, पण तो कॅननच्या स्वतःच्या कॅप्ट भाषेत बोलतो. कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर जुना आहे, त्याला ३२ बिटच्या लायब्ररी लागतात, आणि बसला तरी एखाद्या अपडेटनंतर रुसतो. हौशी लोकांनी लिहिलेला खुला ड्रायव्हरही आहे, पण निकालपत्रकाच्या आदल्या रात्री त्याच्यावर विसंबू नका. जुन्या डिस्कवरचं विंडोज १० आहे तसं राहू द्या, त्याची नेटची केबल काढून ठेवा किंवा वाय-फाय बंद करा, आणि ते फक्त छपाईसाठी वापरा. लिनक्समध्ये पीडीएफ करायची, पेन ड्राइव्हवर घ्यायची, तिकडे छापायची. पुढचा प्रिंटर घेताना ड्रायव्हरशिवाय छापणारा, एअरप्रिंट किंवा आयपीपी एव्हरीव्हेअर लिहिलेला घ्या. एपसनचे एल मालिकेतले शाईचे प्रिंटरही लिनक्सवर सहसा त्रास देत नाहीत.

दोन्ही सिस्टिम ठेवल्यावर दोन गोष्टी दिसतील. विंडोजचे ड्राइव्ह लिनक्समधून उघडतील, पण त्यांवर लिहिता येणार नाही. त्यावर उपाय म्हणून विंडोजमध्ये पॉवर ऑप्शन्सवर जाऊन 'फास्ट स्टार्टअप' बंद करा आणि एकदा नीट शट डाउन करा. आणि विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे जाईल, कारण लिनक्स बोर्डावरच्या घड्याळात ग्रिनिचची वेळ ठेवतं आणि विंडोज तीच आपली समजतं. बोर्डावरचं घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला लिनक्सला एकदा सांगितलं की झालं. भाच्याला 'टाइमडेटसीटीएल' एवढा शब्द सांगा, पुढचं त्याला सापडेल.